किडे खाणाऱ्या झाडाला खत घातलं तर ते मेलं, असं का?

केळीवाला, रावेर
राम राम मंडळी. पोरीच्या हट्टापायी व्हीनस फ्लायट्रॅप ऑनलाइन मागवलं होतं. शेतातली काळी माती, मूठभर शेणखत, वरून चिमूटभर डीएपी, बोअरचं पाणी, सगळं मनापासून केलं आणि पंधरा दिवसात झाड काळं पडून गेलं. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. हे झाड किड्यांवरच पोट भरतं का? मग पानं हिरवी कशाला, आणि खतानं मरायचं काय कारण?

सातपुड्याचा भटक्या
भाऊ, पोट उन्हावरच भरतं, साखर ते आपल्या केळीसारखीच स्वतः बनवतं. किडा म्हणजे त्याचा युरिया समजा. ते मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाचं, तिथल्या ओल्या आंबट जमिनीत नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच, म्हणून पानानं किडा धरायचा, पाचक रस सोडून विरघळवायचा आणि नत्र पानातूनच ओढून घ्यायचं. मुळांना खताची सवयच नाही, डीएपीनं ती जळाली. बोअरच्या पाण्यानं भांड्याला पांढरा थर धरतो ना, ते क्षारही त्याला सोसत नाहीत.

बॉटनीवाली ताई
बरोबर. पोरीला एक गंमत दाखवा दादा, पानाच्या आत बारीक केस असतात, साधारण 20 सेकंदांच्या आत दोनदा धक्का लागला तरच पान मिटतं, पावसाच्या एका थेंबाला फसत नाही. मिटल्यावर किडा धडपडत राहिला तरच रस सुटतो. आठवडा-दीड आठवड्यानं पान उघडतं तेव्हा आत मुंगळ्याचं नुसतं कोरडं टरफल असतं, पाय-बिय सगळे जागच्या जागी. फक्त उगाच बोट घालू देऊ नका, पान थकून मरतं.

सातपुड्याचा भटक्या
आणि पावसाळ्यात तिला सातपुड्यात आणा. ओल्या कातळावर सीतेची आसवं फुलतात, इवलीशी निळी-जांभळी फुलं, तीही किडे खाणारीच. या झाडाचे किडे धरायचे फुगे टाचणीच्या टोकाएवढे, पाण्यातला बारीक जीव क्षणात आत ओढतात. उपटू नका मात्र, गुडघे टेकून बघायचं.

केळीवाला, रावेर
म्हणजे मीच जास्त खाऊ घातलं. दुसरं आणलं तर माती कोणती? आणि आपला मे महिना?

बॉटनीवाली ताई
पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे), पाणी पावसाचं नाहीतर आरओचं. मे महिन्यात दुपारी सावलीत ठेवा, 44-45 डिग्रीत टिकणार नाही. ड्रम आत्ताच पत्र्याच्या पन्हाळीखाली लावा.