डार्क ग्रेडियंटमधे पट्टे दिसतायत, क्लायंट काही ऐकेना

रात्रपाळी_डिझायनर

मंडळी, कोकणातल्या एका होमस्टेची साइट करतोय. उघडल्या उघडल्या पूर्ण उंचीचा ग्रेडियंट (एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाणारा) आहे, वर आरजीबी १५, २३, ४२ आणि खाली ३०, ४१, ५९, म्हणजे रात्रीचं आभाळ टाइप, त्यावर नाव आणि बुकिंगचं बटण, बाकी काही नाही. माझ्या मॉनिटरवर बऱ्यापैकी गुळगुळीत दिसतं पण क्लायंटच्या लॅपटॉपवर आडवे पट्टे दिसतात, त्यातले काही हिरवट काही जांभळट, आणि त्याने स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला त्यात तर अजूनच भयंकर. इमेज वगैरे नाहीये, साधा सीएसएसचा लिनिअर ग्रेडियंट. मधे चार-पाच कलर स्टॉप, म्हणजे मधले ठरावीक रंग, टाकून बघितले, काडीचा फरक नाही. रंग बदलायला साहेब तयार नाहीत, लोगोतले आहेत म्हणे. काय करू?

सीएसएस_कट्टा

ओकेलॅबमधे टाक ना, डोळ्याला दिसतात तसे रंग मोजायची पद्धत आहे ती. लिनिअर-ग्रेडियंटच्या कंसात सुरुवातीलाच 'इन ओकेलॅब' लिहायचं, क्रोमला १११ पासून चालतं, सफारीला १६.२ पासून, फायरफॉक्सला जरा उशिरा १२७ मधे आलं. मी सगळीकडे तेच वापरतो, एकदम मख्खन.

पिक्सेल_मोजणारा

ओकेलॅब भारीच आहे पण ते वेगळ्या दुखण्याचं औषध आहे. निळ्यावरून पिवळ्यावर जाताना मधे जे मळकट राखाडी येतं ते त्याने जातं. इथे दोन्ही रंग मुळात शेजारी शेजारी आहेत आणि वाट कुठलीही धरली तरी शेवटी स्क्रीनला जाणारा आकडा ८ बिटचा, म्हणजे प्रत्येक रंगाला ० ते २५५ मधला पूर्णांक. पंधरा पूर्णांक चार असं काही नसतं.

आता हिशोब कर. लाल १५ वरून ३० म्हणजे १५ पायऱ्या, हिरवा २३ वरून ४१ म्हणजे १८, निळा ४२ वरून ५९ म्हणजे १७. स्क्रीन १०८० पिक्सेल उंच धरली तर हिरव्याची एक पायरी ६० पिक्सेलची झाली. साठ पिक्सेल सलग एकच आकडा आणि मग एकदम पुढचा, तो पट्टा दिसणारच ना. मधे स्टॉप टाकून उपयोग नाही कारण २३ आणि २४ च्या मधे टाकायला काही शिल्लकच नाहीये. आणि तिन्ही रंगांच्या पायऱ्या एकाच जागी पडत नाहीत, हिरवा आधी वाढला की तो पट्टा हिरवट, लाल-निळे आधी वाढले की जांभळट. हिरवा जास्त खुपतो कारण उजेडातला साधारण ७१ टक्के वाटा त्याचा असतो, निळ्याचा जेमतेम ७.

डार्कमधे जास्त का दिसतं तर एसआरजीबीत (स्क्रीनचे नेहमीचे रंगांचे आकडे) १० वरून ११ ला गेलं की उजेड साधारण १० टक्क्यांनी वाढतो, तीच एक पायरी २०० वरून २०१ ला असेल तर टक्काभर. त्यात आपला डोळा पण आगाऊ, दोन सपाट छटांची कड आली की ती आहे त्यापेक्षा ठळक करून दाखवतो. अर्न्स्ट माखने १८६५ मधेच हे मांडून ठेवलंय, माख बँड म्हणतात ते हेच.

क्लायंटचा लॅपटॉप स्वस्तातला असेल तर पॅनल ६ बिटचं असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे रंगाला २५६ ऐवजी ६४ च पायऱ्या. बरीचशी पॅनलं दोन छटा भराभर आलटून पालटून दाखवून मधली छटा भासवतात, त्याला एफआरसी म्हणतात. ते नसेल किंवा सुमार असेल तर तुझ्या १८ पायऱ्यांच्या चार-पाचच उरतात. रात्री स्क्रीन पिवळी करणारा मोड चालू असेल तर त्यात अजून भर. ते त्याला आधी बंद करायला सांग.

सीएसएस_कट्टा

मान्य, पण माझ्या साइट्सवर दिसत नाही हेही खरंय. हलके रंग असतात म्हणून असेल.

पिक्सेल_मोजणारा

तेच. हलके आणि एकमेकांपासून लांबचे. नुसता खालचा रंग ४९, ४६, १२९ केला तर निळ्याच्याच ८७ पायऱ्या होतात, पट्टा १२-१३ पिक्सेलचा, कोणाला कळणार पण नाही. हिरव्याच्या मात्र तेव्हाही २३ च, त्यामुळे पूर्ण सुटका नाही. तरी क्लायंटला एकदा शेजारी शेजारी दाखवून बघायला काय जातंय. लोगोतला रंग लोगोत राहू दे की, आभाळाला कशाला लागतो तो.

रात्रपाळी_डिझायनर

एवढं कोणी समजावलंच नव्हतं राव. रंगाचं विचारलं, नाहीच म्हणाला. मग एका ट्युटोरियलमधे बघून वरून नॉइज (बारीक रँडम ठिपके) टाकला, एसव्हीजीचा एफई-टर्ब्युलन्स हा फिल्टर वापरून, ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) ओव्हरले, ओपॅसिटी ३ टक्के. खालच्या भागात किंचित फरक वाटतो पण वरचे पट्टे जसेच्या तसे. ओपॅसिटी वाढवली तर खालचा भाग खरखरीत, वर तरीही काही नाही. असं का होतंय?

शेडर_आणि_चहा

कारण ओव्हरले काळ्यावर काम करत नाही. ट्युटोरियलवाले रंगीबेरंगी मधल्या छटांवर डेमो देतात, तिथे चालतं. ओव्हरलेमधे खालच्या थराचा रंग १२८ पेक्षा कमी असेल तर गुणाकार होतो, दोन गुणिले खालच्या थराचा गुणिले वरच्या थराचा भागिले २५५. तुझ्या आभाळाच्या वरच्या टोकाला लाल १५ आहे, नॉइज ० ते २५५ कसाही नाचला तरी उत्तर ० ते ३० मधेच. त्याचे ३ टक्के घेतले की १४.५५ ते १५.४५, आणि पूर्णांक केला की सगळे परत १५. म्हणजे नॉइज टाकला आणि गोल करताना तो अख्खा गिळला गेला. त्यात टर्ब्युलन्सचे आकडे बरेचसे मधेच घुटमळतात, टोकाला फार जात नाहीत, म्हणजे अजूनच कमी.

ओव्हरले काढ, नॉर्मल ठेव. पण राखाडी नॉइज नॉर्मलला ३ टक्क्यांनी टाकलास तर १५ चा १८ होतो आणि सगळं आभाळ दुधाळ दिसायला लागतं. त्यापेक्षा नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांची छोटी पीएनजी कर, अल्फा, म्हणजे ठिपका किती अपारदर्शक ते, मात्र प्रत्येक पिक्सेलला रँडम ० ते ४, टक्के नाही हां, २५५ पैकी ४. काळे ठिपके घालायच्या भानगडीत पडू नको, १५ मधून तेवढ्या अल्फाने वजा काहीच होत नाही. सरासरी साधारण २ ने उजळेल म्हणून ग्रेडियंटचे दोन्ही रंग २-२ ने कमी करून ठेव, क्लायंटचा ब्रँड कलर पण खूश. कॅनव्हासवर पाच ओळींची स्क्रिप्ट लिहून एकदाच बनवायची आणि फाइल सेव्ह करायची. २५६ बाय २५६ ची टाइल, पाचच छटा आहेत त्यामुळे पॅलेट पीएनजी (ठरावीक रंगांची यादी ठेवणारी) केली तर ३२ केबीच्या आत बसते. बॅकग्राउंड-साइझ १२८ पिक्सेल दे, नाहीतर दुप्पट डेन्सिटीच्या स्क्रीनवर टाइल ताणली जाऊन ठिपक्यांचे फुगे होतात.

एक लक्षात घे, हे खरं डिदरिंग नाही. खरं डिदरिंग म्हणजे आकडा पूर्णांक करायच्या आधी त्यात नॉइज मिसळायचा, मग अर्ध्या पायरीएवढा नॉइजसुद्धा पुरतो आणि डोळ्याला काही कळत नाही. इथे ब्राउझरने ग्रेडियंट आधीच गोल करून टाकलाय, आपण वरून रांगोळी भुरभुरवून दोन रंगांमधली रेघ झाकतोय, म्हणून पायरीपेक्षा जरा जास्तच नॉइज लागतो. खरं डिदरिंग हवं असेल तर वेबजीएलमधे (ब्राउझरमधे ग्राफिक्स कार्डवर चित्र काढायची सोय) ग्रेडियंट काढून शेडरमधे, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधे, शेवटी रँडम मिसळता येतं. पण होमस्टेच्या साइटला वेबजीएल म्हणजे उगाच बॅटरीची वाट.

कोथरूड_प्रिंटर

फोटोशॉपचा मार्ग पण आहे. फाइल १६ बिटमधे घ्यायची, ग्रेडियंट काढायचा, डिदरची टिक चालू ठेवून ८ बिटला उतरवायची आणि पीएनजी-२४ काढायची. पीएनजी-८ नको, तिथे सगळे मिळून २५६ च रंग. पूर्ण रुंदीची पण काढू नका, नॉइज कंप्रेस होत नाही त्यामुळे फाइल कैच्या कै मोठी होते. उभा ग्रेडियंट आहे ना, २५६ पिक्सेल रुंदीची एक पट्टी काढा आणि आडवी रिपीट करा.

शेडर_आणि_चहा

चालेल, पण ती पट्टी ताणायची नाही. बॅकग्राउंड-साइझ कव्हर दिलं की ब्राउझर लहान-मोठी करताना शेजारचे पिक्सेल सरासरीत मिसळतो आणि पट्टे परत हजर. मोबाइलच्या शंभर उंच्या बघता मी तरी सीएसएस ग्रेडियंट अधिक नॉइज टाइल हेच करेन. आणि दोन्हीत एक खबरदारी, साइटवर इमेज छोट्या करणारं प्लगिन असेल तर त्यातून ही फाइल वगळ. लॉसी (तपशील टाकून देणारं) वेबपी किंवा जेपेग झालं की सगळ्यात आधी हा बारीक नॉइजच मारला जातो, मग बसा शोधत पट्टे कुठून आले.

सायबर_आज्जी

एक वेगळंच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटवरून निकाल लावू नकोस बाळा, तिथे फोटो जेपेग होऊन दाबला जातो आणि अंधाऱ्या भागाची तर पार माती होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. मीटिंगमधे स्क्रीन शेअर करून दाखवलंस तरी तेच, व्हिडिओ कंप्रेशन स्वतःचे पट्टे पाडतं. आणि पीएनजी स्क्रीनशॉट आला तरी त्यात पॅनलचा दोष दिसत नाही, फक्त ब्राउझरने काय काढलं ते दिसतं. तो गिंपमधे उघड, लेव्हल्समधे पांढऱ्याचा काटा ७० पर्यंत खाली आण, पट्टे असतील तर ढळढळीत दिसतील, नसतील तर दोष त्याच्या लॅपटॉपचा.

गावठी_यूएक्स

इथे एवढा खल चाललाय आणि होमस्टेला येणारा माणूस भाडं किती आणि मासे मिळतात का एवढंच बघणार. तिथलाच रात्रीचा एखादा फोटो टाका की, फोटोत आपोआप ग्रेन असतो.

रात्रपाळी_डिझायनर

फोटो आहेत पण सगळे दुपारचे आहेत, तेही मोबाइलवर बोट आडवं आलेले 😄

टाइल टाकली. ० ते ४ अल्फा, रंग २-२ ने खाली. गिंपमधे लेव्हल्स ओढून बघितलं, आधी जिन्यासारखं होतं ते आता नुसतं खरखरीत दिसतं, कडा कुठे आहेत ते शोधावं लागतं. क्लायंटच्या लॅपटॉपवर वरच्या भागात अजून किंचित दिसतंय म्हणाला, पण नाइट मोड बंद केल्यावर "चालेल" आलं. आता एक नवीन लफडं, बुकिंगचं बटण दाबलंच जात नाहीये.

शेडर_आणि_चहा

नॉइजचा लेयर सगळ्याच्या वर पसरलाय तुझा. पॉइंटर-इव्हेंट्स नन दे त्याला. त्यापेक्षा वेगळा लेयर ठेवूच नको, त्याच सेक्शनच्या बॅकग्राउंडमधे टाइल आधी आणि कॉमा देऊन ग्रेडियंट नंतर असं लिही, अक्षरांवर पण ठिपके येणार नाहीत.