अनुभव धागा: सुवार्ता सभांच्या दिवसांत तुम्ही नक्की काय केलं?

जय ख्रिस्त मंडळी! पुढच्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये पाच दिवसांच्या सुवार्ता सभा, म्हणजे येशूचा संदेश सांगायच्या सभा आहेत. चर्चच्या पंचांच्या बैठकीत वक्ता, मंडप आणि साऊंडवर दोन तास चर्चा झाली. सभासदांनी काय करायचं, हा विषय मात्र "प्रार्थना करा आणि वेळेवर या" एवढ्यात उरकला. म्हणून हा धागा. वक्ता किती जोरात बोलला ते नका सांगू, तुम्ही काय केलंत ते लिहा. फसलेलंही चालेल.

जालन्याहून, निवृत्त शिक्षिका

आमच्या जालन्याला एकोणिसाव्या शतकातले मिशनरी नारायण शेषाद्री आणि त्यांनी वसवलेलं ख्रिस्ती गाव बेथेल यांचा वारसा सांगायची भारी हौस. पण शेजारच्या घरात कोण आजारी आहे ते विचारलं तर माहीत नसतं. त्या वर्षी पाळकसाहेबांनी बायबलातल्या योहानाच्या पहिल्या अध्यायातला येशूचा शिष्य अंद्रिया घेतला. त्यानं आधी आपल्या भावाला शोधलं, गर्दी नाही जमवली. प्रत्येकानं वहीत पाचच नावं लिहायची, महिनाभर रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि मग बोलवायचं.

माझ्या पाचातली एक आली, तीही तिसऱ्या दिवशी. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर टेकली. मी नेहमी दुसऱ्या रांगेत बसते, पण उठून तिच्याजवळ गेले. गीत सुरू झालं. सगळे पाठ म्हणणारे, आणि ही बिचारी पुस्तकात नंबर शोधतेय. नंबर सापडेपर्यंत दुसरं कडवं संपलं. मी पान काढून दिलं, ओळीवर बोट ठेवलं. पुढं प्रत्येक गाण्याला माझं बोट तिच्या पुस्तकावर. संदेशातलं तिला फार कळलं नाही, असं तीच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत माझ्यासाठी खुर्ची धरून बसली होती.

केज तालुक्यातून

आमच्याकडं पहिला प्रश्न वक्त्याचा नाही, तारखेचा. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास माघारी येतात. एका वर्षी कुणीतरी शहरातून तारीख ठरवली, डिसेंबरातली. निम्म्या घरांना कुलपं. मंडपात म्हातारी माणसं, लेकरं आणि भाड्याच्या दोनशे खुर्च्या.

आता सभा एप्रिलमध्ये घेतो, आठवडी बाजाराचा दिवस टाळून. तेव्हा पाण्याची बोंब असते. म्हणून वर्गणी काढली ती हारतुऱ्याला नाही, पाण्याच्या जारला. दुसरी अडचण परतीची. शेवटची एस.टी. गेली की वाडीवरचा माणूस अडकतो, म्हणून संदेश रंगात आला की लोक उठायला लागत. आमच्यातल्या एका काळी-पिवळीवाल्यानं पाचही रात्री वाडीच्या दोन-दोन खेपा केल्या, डिझेलसुद्धा घेतलं नाही. मार्कच्या 2ऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून येशूकडं आणतात. आमच्याकडं ते काम एका जीपनं केलं. त्याला स्टेजवर बोलावून शाल द्यायची ठरली, तर तो खेपेवर गेलेला!

नांदेड, तरुण संघ

थोडक्यात लिहितो. पोलिसांची परवानगी आधीच काढा. रात्री 10 नंतर भोंगा बंद म्हणजे बंद, "शेवटची प्रार्थना चालू आहे" हे कारण चालत नाही. आम्ही तिघं आठवडाभर आधी आजूबाजूच्या घरांत सांगून आलो. एका घरी बारावीची पोरगी होती. भोंग्याचं तोंड फिरवलं. शेवटच्या दिवशी तिचे वडील येऊन मागं उभे राहिले. का आले, ते विचारलं नाही.

परभणी, महिला मंडळ

खरं बोलू? बारा वर्षांत एकाही सभेचा संदेश मी पुरता ऐकलेला नाही. पाहुण्यांचा चहा, वक्त्याचं पथ्याचं जेवण, मग भांडी. पुरुष मंडळी समोर बसून "आमेन" म्हणतात आणि आम्ही आतून कपबश्यांचा आवाज करतो. गेल्या खेपेला मीटिंगमध्ये बोलले. पंचांच्या माना खाली. शेवटी दोन दिवस स्वयंपाकघर पुरुषांकडं दिलं. पोहे खारट झाले, पण आमच्या सुना-जावा साक्ष द्यायला, म्हणजे आपला देवाचा अनुभव सांगायला, पहिल्यांदा पुढं आल्या.

लातूरहून

एक दिवस भाषणाऐवजी कीर्तन ठेवून बघा. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती अभंग-भजनं लिहून शंभर वर्षं उलटली, आणि आपण अजून कीबोर्डवर हिंदी गाणी वाजवतो. आम्ही पेटी, तबला आणि झांजा काढल्या. रस्त्यावरून जाणारे एक माळकरी आजोबा आत आले, झांज मागून घेतली आणि ताल धरला. मागून कुणीतरी "त्यांना सुवार्ता सांगा" म्हणून खुणावत होतं. मी म्हटलं, आधी वाजवू दे.

छत्रपती संभाजीनगर, चर्चचा माजी सेक्रेटरी

माझी चूक लिहितो. सभा संपल्यावर नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडं आल्या होत्या. घरी भेटायला येऊ का, असं विचारलं होतं, आणि लोकांनी "हो" लिहिलं होतं. मी त्या कपाटात ठेवल्या, नाताळानंतर बघू म्हणून. ईस्टरच्या साफसफाईत सापडल्या. एका घरी गेलो, तर बाई म्हणाल्या, "आम्ही दोन महिने वाट पाहिली." चहा दिला त्यांनी. तो घशाखाली उतरेना.

तेव्हापासून सभेआधीच जोड्या ठरतात. चिठ्ठी आली की आठवड्याच्या आत दोघांनी जायचं. बाईमाणसाकडं बाईमाणूस बरोबर हवंच. आणि दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. नोकरीची, शाळेच्या प्रवेशाची, बरं होण्याची हमी कुणाला देऊ नका. घटनेच्या कलम 25 नं प्रचाराचा हक्क दिलाय, लालूच दाखवायचा नाही. दुसरं, नव्या माणसाचा फोटो स्टेटसला टाकू नका. आमच्या एका पोरानं उत्साहात टाकला. त्या मुलाच्या घरी रात्रीत वादळ उठलं, तो परत आला नाही. त्याचा नंबर माझ्याकडं आहे, दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. निळ्या खुणा येतात, उत्तर नाही.

धागाकर्ता

जोड्यांचं उद्याच कमिटीपुढं मांडतो. परभणीच्या ताई, एक विचारायचं राहिलं. त्या दोन दिवसांत भगुणी कुणी घासली?

परभणी, महिला मंडळ

घासली की त्यांनीच! तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत घासली.