सोयाबीन अर्धे विकले, अर्धे ठेवले: या निर्णयाला कोणते गणित लागू पडते?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नांदेडला गणितात एम.एस्सी. करत असून आमचे घर औसा तालुक्यात आहे. यंदा आम्हाला 40 क्विंटल सोयाबीन झाले. मळणी होताच वडिलांनी 20 क्विंटल लातूरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) क्विंटलला 4,200 रुपयांनी विकले आणि उरलेल्या 20 क्विंटलची घरात थप्पी लावून "सहा हजारांखाली देणार नाही" असे सांगून टाकले.

मी मार्चअखेरचा भाव 5,000 किंवा 3,400 राहील आणि दोन्हींची शक्यता सारखी आहे, असे धरले. अपेक्षित मूल्य, म्हणजे शक्यतांनुसार काढलेली सरासरी, 4,200 च येते. त्यातून घट, उंदीर आणि अडकलेल्या पैशांवरचे व्याज असे क्विंटलमागे 130 रुपये वजा केले, तर सगळा माल आत्ताच विकणे योग्य ठरते. गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने 1738 मध्ये मांडलेली लघुगणकी उपयोगिता (पैसा वाढत गेला की पुढच्या रुपयाचे समाधान घटत जाते, असे मोजमाप) वापरली तर हा कौल आणखी पक्का होतो, कारण त्या वक्रात हाती येणाऱ्या रुपयापेक्षा हातून जाणारा रुपया जड असतो. मग ज्या माणसाने अर्धा माल भाव पडण्याच्या धास्तीने विकला आणि जो नवे वाण एका एकरावरही लावून पाहायला तयार होत नाही, तोच माणूस उरलेल्या अर्ध्या मालावर पदरचे 2,600 रुपये घालून जुगार का खेळतो? ही धास्ती आणि हे धाडस एकाच सूत्रात बसवता येते का?

गोदातीर

आपण उपयोगिता एकूण संपत्तीवर मोजली आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या प्रॉस्पेक्ट सिद्धांतात ती एका संदर्भबिंदूपासून, म्हणजे माणसाने मनात धरलेल्या पातळीपासून, मोजतात, आणि त्या बिंदूच्या खाली गेलेला माणूस तोटा भरून काढण्यासाठी जोखीम पत्करतो. आपल्या वडिलांचा संदर्भबिंदू 6,000 धरला, तर आज विकणे म्हणजे 1,800 चा तोटा होय.

मात्र येथे बहुतेक लोक जी चूक करतात ती आपण करू नये. "तोटा नफ्याच्या सव्वादोन पट बोचतो, म्हणून शेतकरी विकत नाही" असे सर्रास लिहिले जाते. त्या दोघांनी 1992 मध्ये दिलेला 2.25 हा गुणक येथे निरुपयोगी आहे, कारण आज विकले काय किंवा मार्चमध्ये विकले काय, दोन्ही बाजू तोट्याच्याच असल्यामुळे तो दोन्हीकडून निघून जातो. उरतो 0.88 हा घात, म्हणजे वक्राचा बाक: तोटा वाढत जातो तसा पुढचा प्रत्येक रुपया थोडा कमी बोचतो. आपले 5,000 आणि 3,400 हे आकडे घेऊन मी तो तपासला. थांबण्याचे आकर्षण क्विंटलमागे जेमतेम 22 रुपये आले, आणि त्यासाठी कोणी 130 रुपये खर्च करणार नाही.

आता दुसरे चित्र पाहावे. वडिलांच्या मनात भाव 6,000 होण्याची शक्यता 20 टक्के आणि 3,750 होण्याची 80 टक्के आहे असे धरले, तरी सरासरी 4,200 च राहते. परंतु माणूस शक्यता मनात कशा तोलतो हे सांगणाऱ्या त्यांच्याच 1992 च्या सूत्रानुसार तोट्याच्या 80 टक्के शक्यतेला मनात सुमारे 67 टक्केच वजन मिळते. त्यामुळे थांबणे हे आज 4,575 च्या आसपास भाव मिळाल्यासारखे वाटते, म्हणजे 130 चा खर्च सहज निघतो. येथे कामाला येते ती सगळा तोटा एका फटक्यात पुसला जाण्याची लहानशी शक्यता.

अडतीचा हिशेबनीस

मी बीडच्या मोंढ्यात अडत दुकानावर हिशेब लिहितो. गणितात तुमचा हात मी धरणार नाही, पण 20 आणि 20 या वाटणीकडे दोघांनीही नीट पाहिलेले नाही. पहिली थप्पी देण्याची असते. पीक कर्ज मुदतीत भरले नाही तर व्याजाची सवलत जाते, शिवाय खत-औषधाच्या दुकानाची उधारी आणि मळणीवाल्याचे पैसे असतातच. देणे 80,000 असेल आणि 20 क्विंटलचे 84,000 येत असतील, तर तो माल कोणीही एक दिवस ठेवणार नाही. ए. डी. रॉय यांनी 1952 मध्ये याच विचाराला सूत्राचे रूप दिले. आधी एक किमान पातळी ठरवायची आणि तिच्याखाली जाण्याची शक्यता शक्य तितकी कमी करायची. सरासरी त्यानंतर पाहायची.

दुसऱ्या थप्पीबद्दल मला 2021 ची आठवण छळते. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेले होते आणि नव्या मालाची आवक सुरू होताच कोसळले. ते दहा हजार ज्यांच्या डोळ्यांपुढून अजून हटलेले नाहीत, असे लोक आजही आमच्या दुकानात येतात. तुमच्या वडिलांचे 6,000 तेथूनच आले असावेत. आणखी एक सुचवतो. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत गोदामात तारण ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्क्यांनी मिळते, तेव्हा थांबायचेच असेल तर निदान माल घरात उंदरांच्या हवाली करू नये.

कोरडवाहू

गोदातीर यांचे आकडे बरोबर आहेत, पण आक्षेप पद्धतीला आहे. संदर्भबिंदू आणि मनातल्या शक्यता दोन्ही निर्णय पाहून झाल्यावर निवडल्या, तर हा सिद्धांत कोणत्याही वागण्याला लागू पडेल. अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्स्वांगर यांनी सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतील गावांसह ग्रामीण भारतात खऱ्या पैशांचे खेळ मांडून जे प्रयोग केले आणि ज्यांचे निष्कर्ष 1980 मध्ये छापले, त्यांत लहान रकमांवर लोक वाटेल तसे वागले. रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईच्या घरात गेल्यावर मात्र बहुतेक जण मध्यम सावधगिरीवर आले. वीस क्विंटल सोयाबीन ही लहान रक्कम नव्हे. त्यामुळे 6,000 हा आकडा नेमका कुठून आला, हे वडिलांनाच विचारावे.

मांजराकाठ

काल घरी गेलो तेव्हा विचारले. 2021 चा त्यात काही संबंध निघाला नाही. विहीर खोल करून बांधून घेण्याचे ठेकेदाराने 1,20,000 सांगितले आहेत, आणि 20 क्विंटलने ते भागवायचे तर भाव 6,000 च लागतो. आज विकले तर 84,000 येतात. वडील म्हणाले, "चौऱ्याऐंशी हजारांत विहीर अर्धीच होईल, अन् अर्ध्या विहिरीला पाणी लागत नसतंय."

म्हणजे हिशेबनीसकाका, तुम्ही सांगितलेले रॉय यांचे सूत्र दोन्ही थप्प्यांना लागू पडते, फक्त पातळी वेगळी आहे. पहिल्या थप्पीत पातळी 80,000 ची आहे आणि आज विकले की ती नक्की गाठली जाते, म्हणून लगेच विक्री. दुसरीत आज विकले तर 1,20,000 गाठण्याची शक्यता शून्य, आणि थांबले तर थोडी का होईना पण आहे, म्हणून साठवण. या मांडणीत शक्यतांना वाकडे वजन द्यावे लागत नाही आणि तोटा किती बोचतो हेही मोजावे लागत नाही. माझी चूक अशी की मी प्रत्येक रुपया सारख्याच कामाचा धरला होता. तारण योजनेचेही पाहिले; 84,000 च्या 75 टक्के म्हणजे 63,000, त्यात विहीर होत नाही.

कोरडवाहू

ही मांडणी तपासता येण्याजोगी आहे, म्हणून मला अधिक पटते. मार्चमध्ये भाव 5,500 झाला, तर गोदातीर यांच्या सूत्रानुसार 500 च्या तोट्यावर समाधान मानून विकण्याकडे कल व्हायला हवा. रॉय यांच्या सूत्रात 5,500 आणि 4,200 यांत फरक नाही, कारण विहीर दोन्हींत अपुरीच राहते. तेव्हा वडील काय करतात ते येथे अवश्य कळवावे.

मांजराकाठ

कळवीन. त्याआधी ठेकेदार उरलेले 36,000 पुढच्या हंगामात घ्यायला तयार आहे का, ते रविवारी विचारणार आहे. तो हो म्हणाला तर पातळी 84,000 वर येईल, आणि याच सूत्राने दुसरी थप्पी सोमवारी मोंढ्यात न्यावी लागेल.