से कॅथेड्रलचा पडलेला मनोरा पुन्हा बांधावा का?

मांडवीकाठ: जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला मुळात दोन मनोरे होते. उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला, तो कायमचाच. १५६२ मध्ये सुरू झालेली इमारत १६१९ मध्ये उभी राहिली, आतल्या वेद्या १६५२ पर्यंत घडत होत्या. एवढ्या पिढ्या खपलेली वास्तू, आणि समोर उभं राहिलं की उजवीकडे नुसतं आभाळ. मला ते फार खुपतं. व्हेनिसच्या सान मार्को चौकातला मनोरा १९०२ मध्ये पडला आणि दहा वर्षांत होता तिथेच, होता तसाच बांधला. गोव्यात का नको?

जांभ्याचा चिरा: अजिबात नको. व्हेनिसकडे फोटो होते, मनोरा डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. शिवाय तिथे शहर नांदतं होतं. इथे साथींनी गाव ओस पाडलं, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुक्काम १७५९ मध्येच पणजीला गेला, १८४३ मध्ये राजधानीही तिकडेच झाली. मनोरा पडला तेव्हा तो उभारायची गरज वाटावी असं शहरच उरलं नव्हतं. ते तुमचं नुसतं आभाळ हीच गोष्ट सांगतं. ती बुजवायची कशाला?

मांडवीकाठ: फोटो नाहीत, मान्य. पण जोडीचा मनोरा शाबूत आहे, प्रसिद्ध सोन्याची घंटा त्यातच आहे. मापं घ्यायला तो पुरेसा नाही?

जांभ्याचा चिरा: मापं मिळतील हो. पण लोक नव्याला चारशे वर्षांचा समजून हात जोडतील, ही फसवणूक आहे.

प्रियोळकर: मनोऱ्याचं नंतर बघू. आधी तिथे पूर्ण इतिहास लिहा. हे कॅथेड्रल सांता कातारिना या संत स्त्रीच्या नावाचं का? तर पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणादिवशी, गोवा जिंकला म्हणून. काम सुरू होण्याच्या दोनच वर्षं आधी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. त्याच काळात आमचा मंगेश कुठ्ठाळीहून नदीपल्याड प्रियोळला न्यावा लागला. आमच्या घरात ही आठवण अजून जिवंत आहे.

दिवाडची फेरीबोट: प्रियोळकर, तुमचं दुःख खरं आहे आणि ते तिथे लिहिलं जावं असं मलाही वाटतं. मी कॅथलिक आहे. पण आल्बुकेर्कचा विजय आठवायला आम्ही तिथे जात नाही. माझ्या आजीचं लग्न तिथे लागलं. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शव दर्शनासाठी बॉम जेझुस चर्चमधून तिथे आणतात, तेव्हा रांगेत हिंदू शेजारीही असतात. जांभा आणि चुना वाहून आमच्याच गोंयकारांनी ही इगर्ज उभी केली, तेव्हा ती आमचीही आहे. मनोरा मात्र नको. फेरीबोटीतून लहानपणापासून एकच पाहत आले. तोच खर्च भिंतींच्या चुन्यावर करा. पावसाने गिलावा सुटला की आतला जांभा भिजतो, आणि मग उरलेला मनोराही धोक्यात येईल.

मांडवीकाठ: चुन्याचं पटलं, ते आधी व्हायला हवं. मनोऱ्याबद्दल माझं मत अजून तेच आहे.