मदत हवी आहे: जुन्या दारं-खिडक्यांवरचा शिसं असलेला रंग नीट काढून देणारं कोणी माहीत आहे का? (सातारा / पुणे)

नमस्कार मंडळी,

तातडीने सल्ला हवा आहे. साताऱ्यातलं आमचं घर आजोबांनी साठच्या दशकात बांधलं. दारं-खिडक्या सगळ्या सागवानी, खिडक्यांना लोखंडी गज. दर काही वर्षांनी दिवाळीआधी त्यांवर ऑईल पेंटचा हात फिरायचा, जुना रंग कधी कोणी काढला नाही. माजघरातल्या खिडकीचा पोपडा सुटलाय तिथे कडेला सगळे थर दिसतात: वर चॉकलेटी, खाली पोपटी, त्याखाली पिवळाजर्द आणि लाकडाला चिकटून पांढरा. गजांवर सगळ्यांत खाली शेंदरी प्रायमर आहे.

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी येते आहे, सोबत तिची दोन वर्षांची मुलगी. ती यायच्या आत घर रंगवून घ्यायचं असं बाबांनी ठरवलं. आमचे नेहमीचे रंगारी काका येऊन बघून गेले. म्हणाले, "आधी बत्तीने जाळून काढतो, मग पॉलिश पेपर मारतो, लाकूड कोरं करून देतो." माणूस प्रामाणिक आहे, हात चांगला आहे. पण मी काम थांबवलंय. पोपड्याचा तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला दिला होता, त्यात शिसं हजारो पीपीएममध्ये (दहा लाख भागांत हजारो भाग) निघालं. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण तो नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, पोपटी, शेंदरी रंगांत, शिसं सर्रास असायचं. पिवळ्यात लेड क्रोमेट, शेंदरी प्रायमरमध्ये रेड लेड, आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार घालत.

बाबांचं म्हणणं, "आम्ही जन्मभर ह्याच घरात राहिलो, कोणाला काय झालं?" त्यांना उत्तर देणं अवघड जातं, कारण शिशाचा त्रास ताप-खोकल्यासारखा दिसत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर परिणाम होतो. लहान मुलांच्या मेंदूची वाढ बाधित होते, बुद्ध्यांक आणि एकाग्रता कमी होते, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गिळलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही. बहिणीची काळजी वेगळी. शिसं हाडांत साठून राहतं, गरोदरपणात तिथून पुन्हा रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. त्यात नव्या धुळीची भर घालायची?

आणि रंगारी काकांचं काय? जाळताना निघणारा धूर आधी त्यांच्याच छातीत जाणार. त्याच शर्टाने ते घरी जाणार, आणि त्यांची नातवंडं लहान आहेत.

तर विचारायचं ते हे. अमेरिकेत अशा कामाची प्रशिक्षित, परवानाधारक माणसं असतात असं वाचलं. आपल्याकडे पुणे-सातारा-कोल्हापूर भागात असं काम नीट करणारं कोणी आहे का? नसेल, तर आमच्याच रंगाऱ्याकडून सुरक्षितपणे कसं करून घ्यावं? खिडक्या बदलायला बाबा तयार नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही नाही, असं लाकूड आता मिळत नाही. की न काढता वरून रंग मारला तर चालेल?

---

प्रतिसाद, न्यू जर्सीहून:

काम थांबवलंत हे फार बरं केलंत. जाळायचं नाही आणि कोरडं घासायचं नाही, एवढं बाबांना शपथेवर पटवा. इथे उघड्या ज्योतीने रंग जाळायला आणि धूळ ओढणारं हेपा (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचं) यंत्र जोडल्याशिवाय मशीनने घासायला बंदीच आहे.

आमचं घर १९२० च्या दशकातलं. इकडे १९७८ साली घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, त्याआधीचं घर असेल तर शिसं आहेच असं धरून चालतात. ह्या राज्यात मुलांची पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास रक्तातल्या शिशाची तपासणी होते, तिथे लेकाचा आकडा वर आला. २०२१ पासून इथे डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम ही रेघ धरतात, त्याच्या वर गेलं की घरात कारण शोधायचं.

इथे दोन प्रकारची माणसं असतात, त्यांत गल्लत नको. एक म्हणजे शिशाचं प्रशिक्षण घेतलेले नेहमीचे कंत्राटदार. २०१० पासून जुन्या घरात रंगकाम किंवा दुरुस्ती करायला ते प्रशिक्षण सक्तीचं आहे. दुसरे अबेटमेंटवाले, म्हणजे धोका कायमचा घालवण्याचंच काम घेणारे. आम्ही दुसरे बोलावले. आधी एका स्वतंत्र तपासनिसाने एक्स-रे पिस्तुलासारखं यंत्र प्रत्येक चौकटीला लावून कुठे शिसं आहे त्याचा नकाशा केला. मग आम्हाला घराबाहेर काढलं. खोल्या जाड प्लास्टिकने सील, माणसं पूर्ण पोशाखात, रंगावर सतत पाण्याचा फवारा. शेवटी हेपा व्हॅक्यूम, ओली पुसणी, पुन्हा व्हॅक्यूम. त्यानंतर जमिनीवरून आणि खिडकीच्या खालच्या पट्टीवरून पुसून घेतलेले नमुने प्रयोगशाळेत गेले. ते पास झाल्यावरच आत घेतलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल: आमच्याकडेही सगळा रंग काढला नाही. भिंतींवरचा घट्ट होता, तो वरून खास लेप देऊन बंद केला. काढलं ते फक्त जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथलं. खिडकी उघड-बंद करताना दर वेळी बारीक पूड पडते, तिथे वरून कितीही रंग मारा, तो घासून जातो.

---

प्रतिसाद, कोल्हापूर (जुन्या लाकूडकामाची दुरुस्ती करतो):

परवाना वगैरे आपल्याकडे ह्या कामाला नाही. तेव्हा माणूस शोधण्यापेक्षा पद्धत पक्की करा.

फळ्या मिजागऱ्यांवरून उतरवून घराबाहेर न्या. ऐंशी टक्के प्रश्न तिथेच मिटतो, कारण धूळ घरात पडतच नाही. पेंट रिमूव्हर लावून, मऊ झाला की पत्तीने ओलाच काढायचा. रिमूव्हर मात्र मिथिलीन क्लोराइडचा नको. त्याच्या वाफेने बंद खोलीत माणसं दगावली आहेत, दुसरा मिळतो तो उघड्यावरच वापरा. चौकटी जागेवरच कराव्या लागतील. त्यासाठी एकेक खोली रिकामी करायची, दाराला प्लास्टिक, खाली प्लास्टिक, फवारा मारत मारत खरवडायचं, वॉटर पेपरने ओलं घासायचं. झाडू अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसा आणि ती फडकी फेकून द्या. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो.

गजांवरचा रंग काढू नका. रंग घट्ट असेल तर नुसते धुऊन वरून नवा हात द्या. नव्या डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याचं छापलेलं बघून घ्या.

रंगाऱ्याला पी-१०० फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा) मास्क घेऊन द्या, तोंडाला बांधलेल्या रुमालाचा उपयोग नाही. तिथे विडी-चहा नाही, जेवणाआधी हात-तोंड साबणाने, आणि कामाचे कपडे तुमच्याच घरी वेगळे धुवा. ह्याचे पैसे वेगळे द्या म्हणजे तो मनापासून करेल.

---

प्रतिसाद, बालरोगतज्ज्ञ:

भाचीची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, शिरेतून घेतलेल्या रक्तावर. बहिणीच्या डॉक्टरांनाही हे सांगा. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडे दोन्ही कमी असणं नेहमीचंच. त्यामुळे गोळ्या चुकवू नयेत. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांना साधारण डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला तरच देतात. त्याखाली खरा उपचार एकच, घरातला स्रोत बंद करणं. आणि बहीण किंवा भाची कामाच्या दिवसांत घरात नकोत, "एका खोलीत राहतील" असंही नको.

---

मूळ धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. रंगारी काकाही बसले होते. त्यांना नातवंडांबद्दलचं पटकन भिडलं, म्हणाले, बत्ती आणणारच नाही. बहीण आत्याकडे पुण्यात राहील, पुसणीचे नमुने ठीक आले की मगच इकडे. फळ्या परसात उतरवून काम करायचं ठरत होतं, पण भिंतीलगत अळू आणि कढीपत्ता आहे. तिथल्या मातीत हे पडायला नको, म्हणून शेजारच्या सिमेंटच्या अंगणात प्लास्टिक घालून करणार आहोत.

दोन गोष्टी अजून अडल्यात. हेपा व्हॅक्यूम पुण्यात भाड्याने कुठे मिळतो का? आणि काढलेल्या रंगाचा चिखल, प्लास्टिक, फडकी ह्यांचं काय करायचं? घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा असा नियम आहे, पण आमच्या घंटागाडीवाल्याने "ओला की सुका?" एवढंच विचारलं. सध्या दुहेरी पिशव्यांत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवायचं ठरवलंय. कोणी नगरपालिकेत हे प्रत्यक्ष जमा केलं असेल तर नेमकं कुठल्या विभागात गेलात ते सांगाल का?