मदत हवी आहे: दुबईला काजूगर पाठवायचाय, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा अर्ज) स्वतः भरावं की एजंटकडून?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरीत आमचं काजू फोडण्याचं छोटं युनिट आहे. आजवर सगळा गर मुंबईच्या व्यापाऱ्याला दिला. तोच पुढे बाहेर पाठवतो आणि वरची मलई त्याच्याकडेच राहते. या वेळी दुबईच्या एका खरेदीदाराने थेट ऑर्डर दिली आहे : डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० (अख्ख्या गराच्या प्रती), मिळून ३०० खोकी. फॉरवर्डरने (माल जहाजावर चढवायची व्यवस्था बघणाऱ्याने) मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून पाठवायला सांगितलंय. चवथीच्या सुट्टीआधी माल सुटायलाच हवा.

आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर) आहे, जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र म्हणजे एलयूटी भरलंय, बँकेचा एडी कोड (परकीय चलनासाठीचा बँकेचा नंबर) न्हावा शेवासाठी आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या साइटवर नोंदवून झालाय, क्लास-३ डिजिटल सहीही घेतली आहे. ई-संचितवर (कस्टम्सला कागद ऑनलाइन द्यायची सोय) इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट चढवून त्यांचे आयआरएन, म्हणजे नोंद क्रमांक मिळाले. हे सगळं घरी बसून झालं, कोणाच्या टेबलासमोर उभं राहावं लागलं नाही. याचं मला खरंच अप्रूप आहे.

घोळ वेगळाच आहे. मूळ दाखला (माल भारतातलाच असल्याचा, भारत-यूएई व्यापार करार सेपाखालचा, खरेदीदाराने तोच मागितलाय) डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार खात्याच्या साइटवर, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचा) दाखला प्लांट क्वारंटाइनच्या साइटवर, शिपिंग बिल आइसगेटवर. प्रत्येक ठिकाणी वेगळं लॉगिन आणि तीच माहिती पुन्हा पहिल्यापासून टाइप करायची. आमचा डबा ११.३४ किलोचा, खोक्यात दोन डबे, म्हणजे २२.६८ किलो. ३०० खोक्यांचे ६,८०४ किलो. पॅकिंग लिस्टवर तेच आहे. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चेकलिस्टमध्ये (शिपिंग बिलाच्या मसुद्यात) मात्र खोकं २२.७ धरून ६,८१० किलो लिहिलंय, आणि मूळ दाखल्याचा मसुदाही त्यानेच त्याच आकड्यावर केलाय. विचारलं तर म्हणाला, "सहा किलोने काय होतं!"

आयातीसाठी स्विफ्ट ही कस्टम्सची एकखिडकी सोय २०१६च्या १ एप्रिलपासून आहे. बिल ऑफ एंट्रीतच (आयातीच्या अर्जातच) अन्नसुरक्षा, प्लांट क्वारंटाइन वगैरेंना लागणारी माहिती एकदा भरायची आणि ती त्या त्या खात्याकडे जाते. निर्यातीतही एकदा भरलेलं वजन सगळ्या दाखल्यांत आपोआप उतरलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारखी छोटी युनिटं पैशाअभावी नव्हे, या कागदांच्या धास्तीने व्यापाऱ्याला माल देऊन मोकळी होतात.

तर प्रश्न : हे सहा किलो खरंच अडवतील का? आणि बिल मी स्वतः भरू का?

वास्कोकर
ताई, अडवतील असं नाही, पण अडवू शकतात, आणि माल सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) पडून राहिला की भाडं तुमच्या डोक्यावर. फाइल करायच्या आधी चेकलिस्ट दुरुस्त करून घ्या, ओळन् ओळ वाचून. लेट एक्सपोर्ट ऑर्डर (कस्टम्सची माल पाठवायची परवानगी) निघाल्यावर चूक सापडली तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९खाली दुरुस्तीचा अर्ज, आणि तोही त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्याच आधारावर. आज एका फोनवर होणाऱ्या कामाला तेव्हा पत्रव्यवहार करत बसावं लागेल.

स्वतः भरता येतं. कायदा आड येत नाही, आयईसी आणि डिजिटल सही तुमच्याकडे आहेच. पण बिल तुमच्या वाळपईहून भरलंत तरी सीएफएसमध्ये माल उघडून दाखवायला कोणीतरी हजर लागतं. तुमचा माणूस तिथे नसेल तर पहिल्या खेपेला ब्रोकर (कस्टम्स एजंट) ठेवा. आइसगेटचं लॉगिन मात्र स्वतःच्याच हातात ठेवा. बिलाचा नंबर मिळाला की स्थिती तुम्हीच बघत जा.

पेडण्याची माहेरवाशीण
वर दादांनी सांगितलं ते बरोबर. आणखी दोन रकाने नीट बघा. २०२०च्या फेब्रुवारीपासून शिपिंग बिलात माल कुठल्या राज्यातला, कुठल्या जिल्ह्यातला हे भरावं लागतं. तिथे गोवा, उत्तर गोवा असंच यायला हवं. मुंबईचे एजंट कधी कधी आपल्याच सवयीने मुंबई टाकतात. दुसरं, रोडटेप (निर्यातीवर कर परत मिळायची योजना) हवं असेल तर तसं बिलातच आयटमवार सांगावं लागतं. ते राहिलं तर नंतर मागे धावणं आलं. आमच्या ओळखीच्या एका युनिटचं असंच राहून गेलं होतं.

मूळ धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. चेकलिस्ट परत पाठवली : ६,८०४ किलो, जिल्हा उत्तर गोवा, रोडटेप होय. तिथे जिल्ह्याच्या जागी खरोखरच मुंबई होतं! मूळ दाखल्याचा मसुदाही बदलायला सांगितलाय. फायटोचा अर्ज मी स्वतः भरतेय, त्यात वजन डब्यावर छापलंय तेच लिहीन. आता एवढंच सांगा, सीएफएसमध्ये तपासणीला उघडलेले डबे पुन्हा हवाबंद करून द्यायची सोय तिथे असते का, की जादा डबे सोबत पाठवू? पावसाळी हवेत गर लगेच मऊ पडतो.