मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी : काय मिळालं, काय गेलं?

माझ्या भाचीला दोन ऑफर आल्या आहेत. एक ऐरोलीतल्या अवाढव्य कंपनीची, दुसरी वागळे इस्टेटमधल्या पस्तीस जणांच्या कंपनीची, आणि पगार तिकडे जास्त. घरात रोज वाद चालू आहेत. मी स्वतः मोठ्या कंपनीत १४ वर्षं काढली, तेव्हा माझं मत झुकतं असणारच. म्हणून सल्ला नको, तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा. सुरुवात मी करते.

२०१९ च्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. रात्री दीड वाजता ठाण्यातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर अडीच लाख भरायला सांगितले. माझ्या खात्यात चाळीस हजार होते. मोबाइलवरून कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड दाखवलं. बाबांना जुना मधुमेह, तरी मी रुजू झाले त्या दिवसापासून त्यांचं नाव त्यात होतं. सकाळी सातला कॅशलेस मंजूर झालं. त्या कार्डासाठी पुढे मी दोन चांगल्या ऑफर सोडल्या आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त नोकरी सुटली की ते कव्हरही सुटतं. स्वतःची वेगळी पॉलिसी मी पस्तिशीनंतर काढली, ती आधीच काढायला हवी होती.

पहिलं उत्तर : ऐरोली, ९ वर्षं

ताई, मला ट्रेनिंगमध्ये जावा शिकवली आणि प्रोजेक्ट मिळाला मेनफ्रेमचा, म्हणजे बँकांसारख्या संस्थांच्या अवजड संगणकांचा. कोबॉल, म्हणजे १९५९ साली आखलेली भाषा. घरी सांगायलाही लाज वाटायची. पण क्लायंट परदेशी बँक होती. रात्रीच्या बॅचमधला, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कामांमधला, एक जॉब अबेंड झाला, मधेच बंद पडला, तर सकाळी तिकडच्या लोकांच्या खात्यात पगार दिसत नाहीत. एकदा पहाटे तीनला तसंच झालं. लीड मॅडम घरून फोनवर होत्या. त्या स्वतः पाच मिनिटांत मोकळ्या झाल्या असत्या, पण त्यांनी मला डंप, म्हणजे बंद पडतानाची मेमरीची नोंद, ओळीओळीनं वाचायला लावला. शेवटी सापडलं : इनपुट फाइलमधल्या एका रेकॉर्डमध्ये रकमेच्या जागी नुसत्या स्पेस होत्या. नवख्याला इतक्या धीरानं शिकवणारं माणूस मला मोठ्या टीममध्ये भेटलं. आज मी नव्या मुलांना तसाच डंप वाचायला लावतो.

ठाणे, घोडबंदर रोड

माझा अनुभव कडू आहे. प्रोजेक्ट संपला आणि चार महिने बेंचवर बसलो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, ऐरोलीला उतरायचं, कार्ड स्वाइप करायचं आणि नऊ तास काम नसताना बसायचं. आरएमजीला, म्हणजे माणसांना प्रोजेक्ट नेमून देणाऱ्या विभागाला, मेल टाकला की उत्तर एकच, "क्लायंटनं प्रोफाइल होल्डवर ठेवलंय." मग चेन्नईच्या प्रोजेक्टवर नेमणूक आली. आई एकटी, म्हणून नाही म्हणालो. त्या वर्षी रेटिंग तळाला. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात सगळ्यांची प्रतवारी लावताना, कुणीतरी खाली जावंच लागतं, आणि ज्याच्या कामाचे पैसे क्लायंट देत नाही असा माणूस आयता सापडतो. पगार एक दिवसही चुकला नाही, हे खरं. पण आपण कुणालाच नको आहोत, ही भावना माणसाला आतून पोखरते.

कोपरखैरणे

२६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कुणी एक शब्द न बोलता दिली. परत आले तर माझं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं आणि माझ्या वाट्याला सपोर्टची तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी सोडवण्याचं काम. प्रमोशन दोन वर्षं मागे पडलं. भाचीला सांगा, ही रजा कायद्यानं दहा माणसांच्या कंपनीलाही द्यावी लागते. लहान कंपनीत तोंडी आश्वासनावर राहू नये, विचारून घ्यावं.

वागळे इस्टेट, आता महापे

मी लहान कंपनीतून मोठ्या कंपनीत आलो. तिकडे दोन वर्षांत डेटाबेस, सर्व्हर, क्लायंटशी बोलणं, सगळं हाताखालून गेलं. मग एका क्लायंटनं बिल थकवलं आणि पगार १ तारखेऐवजी २३ ला आला. घराचा हप्ता बाउन्स झाला. इथे स्क्रीनवर एक रकाना वाढवायला तीन मंजुऱ्या लागतात, जीव गुदमरतो. तरी हप्त्याच्या दिवशी झोप लागते.

घणसोली

दोन्ही ऑफर लेटर शेजारी ठेवून वाचा. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा फसवा असतो. कंपनीचा पीएफचा वाटा, विम्याचा हप्ता, ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के, हे सगळं बहुतेक वेळा त्यातच धरलेलं असतं. ग्रॅच्युइटीसाठी कायद्यानं साधारणपणे पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. माझ्या वेळी हिशोब होता महिन्याचं बेसिक गुणिले १५ भागिले २६, दर वर्षामागे. माझं बेसिक २६,००० होतं, सात वर्षांचे १,०५,००० हातात आले. आणि नोटिस पिरियड बघा. माझा ९० दिवसांचा होता, बायआउट, म्हणजे पैसे भरून लवकर सुटणं, नाकारलं, मनासारखी ऑफर तेवढ्यात गेली. ताई, दोन्हीकडचं बेसिक, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) आणि नोटिसचे दिवस लिहा, आज रात्री इनहँड काढून देतो.